नदीवाल्यांचं व्याकरण

माझ्या भाच्याने एक भाषा तयार केली आहे. अकरावीत आहे, गणित घेतलंय, आणि रात्री अभ्यास उरकला की एक गोष्ट लिहीत बसतो. गोष्टीत एका मोठ्या नदीकाठची माणसं आहेत. होड्या, दोर, मासे, पूर आणि पलीकडच्या काठाशी जुनं वैर. या माणसांनी मराठी किंवा हिंदी बोलावं हे त्याला पटेना, म्हणून त्यांच्यासाठी त्याने वेगळी भाषा रचायला घेतली. असं करणाऱ्यांना कॉन्लँगर म्हणतात आणि ते जगभर पुष्कळ आहेत, हेही त्यानेच मला सांगितलं. परवा रविवारी सकाळी पोहे खाताना त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. क्रियापदांचा लांबलचक तक्ता होता. डावीकडे धातू, मग वर्तमान, भूत, भविष्य. मधल्या काही ओळी पिवळ्या रंगाने भरलेल्या. "मावशी, ह्या पिवळ्या सगळ्या इर्रेग्युलर. सगळं एकसारखं असलं की भाषा नकली वाटते ना, म्हणून फासे टाकून निवडल्या. आता एकदम नॅचरल वाटून राहिली की नाही?"

मी पिवळ्या ओळी नीट वाचल्या. शिंकणे, विणणे, लाकूड तासणे, सावलीला बसणे, उसनं मागायला जाणे. शिंकणे म्हणजे 'हापु' आणि शिंकला म्हणजे 'द्रेल'. पांढऱ्या ओळींत मात्र येणे, जाणे, असणे, देणे, खाणे सगळी शहाण्यासारखी बसलेली. धातूला 'सेत' लावला की भूतकाळ. 'ओर' म्हणजे जाणे, तर गेला म्हणजे 'ओरसेत'. 'निम' म्हणजे येणे, आला म्हणजे 'निमसेत'. उच्चार गोड होते, काम मन लावून केलेलं होतं, पोरगं महिनोन्‌महिने यात बुडालेलं होतं हे तक्त्यावरूनच कळत होतं. छान झालंय म्हटलं, आणि ते खरंच छान होतं. पण पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याची चव जिभेवर घेऊन रिक्षात बसले तेव्हा 'ओरसेत' मनात घोळायला लागलं, आणि घरी पोचेपर्यंत काहीतरी खुपत राहिलं. इतकी वर्षं नदीवर काढलेली माणसं 'गेला' म्हणायला रोज चार अक्षरं पुरीच्या पुरी उच्चारतात, आणि वर्षातून चारदा शिंकतात तेव्हा मात्र व्याकरण मोडतात?

मला ती माणसं दिसेनात.

लहानपणी आम्हीही एक भाषा बोलत होतो. ती आम्ही रचलेली नव्हती, घराघरांत असायची: च ची भाषा. शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. पाणी म्हणजे चाणीप, मला म्हणजे चलाम. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या जुन्या वाड्यात देवासची, ग्वाल्हेरची, महूची भावंडं जमायची. गच्चीवर पांढऱ्या लुगड्यावर कुरडया वाळत घातलेल्या असत आणि त्यांची राखण आमच्याकडे असे, म्हणजे अर्धवट वाळलेल्या, आतून अजून मऊ, किंचित आंबूस लागणाऱ्या कुरडया आम्हीच पळवत असू. एकाने जिन्यापाशी उभं राहायचं. आजीच्या चपलेचा आवाज आला की त्याने ओरडायचं, "चाजीअ चालीअ!" म्हणजे आजी आली. पहिल्या दिवसांत ते असं सगळं नियमाने म्हटलं जाई. पण जिना पंधरा-वीस पायऱ्यांचा आणि आजी तरतरीत, तेव्हा इतकी अक्षरं उच्चारायला वेळ कोणाला होता! आधी त्यातला मधला 'अ' गेला, मग शेवटचा गेला, मग दोन शब्द एकमेकांत शिरले, आणि मे संपता संपता त्याचं 'चाजाली' झालं. पुढे पुढे मामा वर आला तरी 'चाजाली'च, आणि शेजारच्या काकू आल्या तरी तेच. पुढच्या उन्हाळ्यात ग्वाल्हेरची धाकटी मावसबहीण पहिल्यांदाच आमच्या टोळीत आली. च ची भाषा तिला उत्तम येत होती, आमच्यापेक्षा भरभर बोलायची. पण 'चाजाली' तिला कळेना. नियमाने ते कशातूनच निघत नव्हतं. ते तिला वेगळं पाठ करावं लागलं. आणि त्याच वेळी 'पंचांग' हा शब्द मात्र आम्ही शेवटपर्यंत 'चंचांगप' असाच म्हणत राहिलो, पूर्ण, जसाच्या तसा, कारण तो म्हणायची वेळच क्वचित यायची.

भाच्याचा तक्ता पाहून आल्यावर दुपारी मी मराठीतली आडवळणी क्रियापदं कागदावर लिहायला बसले. बसला, उठला, चालला, तोडला, शिवला यांना नियम पुरतो. मग ज्यांना तो पुरत नाही ती: गेला, आला, केला, झाला, दिला, घेतला, खाल्ला, प्यायला, धुतला, घातला, मागितला, सांगितला, म्हणाला, मेला. यादी लिहून झाली आणि मी ती परत वाचली, आणि समोर एक घर उभं राहिलं. कोणी येतंय, कोणी जातंय. देणं-घेणं चाललंय. खाणंपिणं, धुणं, अंगात घालणं, मागणं, सांगणं. कोणी मेलं. शिंकला त्यात नाही, विणला नाही, तासला नाही. ती तिन्ही मराठीत सरळ आहेत. मराठीचा एक शब्द न येणाऱ्या माणसाला कोणी ही यादी नुसते अर्थ लावून दिली, तरी या लोकांचा दिवस कशात जातो ते त्याला ओळखता येईल. नदीवाल्यांच्या पिवळ्या यादीवरून मला कळलं असतं की हे लोक दिवसभर शिंकतात आणि सावलीला बसतात.

आमच्या त्या वाड्याच्या जिन्याची दगडी पायरी मधोमध झिजून खोल झाली होती आणि दोन्ही कडांना मात्र टाकीचे घाव तसेच शाबूत होते, कारण पाय मधेच पडायचे. क्रियापदांचं तसंच आहे. आपल्या भूतकाळातला 'ला' प्राकृतातल्या 'इल्ल' या प्रत्ययातून आला. संस्कृतातलं कृत, गत, मृत प्राकृतात घासून कअ, गअ, मअ असं मऊ झालेलं होतं, त्याला इल्ल लागला आणि केला, गेला, मेला तयार झाले. म्हणजे ज्यांना आपण अपवाद म्हणतो ते त्यांच्या काळी पूर्णपणे नियमातले होते. तिन्ही एकाच साच्यातून निघालेले सख्खे भाऊ आहेत. उलट ज्यांना आपण नियमित म्हणतो त्यांतले पुष्कळ नंतर, हाताशी असलेल्या धातूला थेट 'ला' चिकटवून झाले. दोन पिढ्यांचे नियम शेजारी शेजारी राहिले की धाकट्या पिढीला थोरली विचित्र वाटते. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हे वाक्य आपण शाळेत वाचलेलं असतं. त्यातल्या 'करवियलें'कडे मी त्या दुपारी पुन्हा पाहिलं. तेच पुढे 'करविलें' झालं, आणि आज 'करवलं' आहे. मधली अक्षरं कोणी सभा भरवून काढली नाहीत. ती तोंडातोंडांत गेली.

आणि सगळीच विचित्र रूपं झिजून होत नाहीत, हेही त्या कागदावर दिसलं. जाणे आणि गेला यांचा एकमेकांशी आवाजाचा काही संबंध नाही, कारण ते मुळात दोन धातू आहेत. जा हा संस्कृतातल्या 'या'चा आणि गेला हा 'गम्'चा. होणे आणि झाला यांचंही तेच: होणे 'भू'कडून आलं, आणि झाला हे 'जात'वरून, म्हणजे जन्मलेला या अर्थाच्या शब्दावरून. ज्ञानेश्वरीत 'जाला', 'जाहला' असं ते अजून आपल्या मूळच्या चेहऱ्याने भेटतं. दोन क्रियापदं शेजारी राहिली, एकाचा भूतकाळ मागे पडला, दुसऱ्याचा वर्तमानकाळ मागे पडला, आणि उरलेल्या अर्ध्याअर्ध्यांनी एक संसार मांडला. हे इतक्या शतकांपूर्वी झालं आणि आपण ते दिवसातून शेकडो वेळा न अडखळता बोलतो, याचं मला त्या दुपारी भारी नवल वाटलं.

हार्वर्डच्या काही संशोधकांनी २००७ मध्ये याचं मोजमाप मांडलं होतं. त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली आणि पुढच्या काळात त्यांचं काय झालं ते पाहिलं. मधल्या काळातल्या इंग्रजीत त्यातली १४५ अनियमित राहिली होती, आणि आजच्या इंग्रजीत ९८. बाकीची एकेक करून नियमाला शरण गेली. कोणती गेली? जी कमी बोलली जात होती ती. एखादं क्रियापद शंभरपट कमी वापरलं जात असेल तर ते दसपट वेगाने नियमित होतं, असं त्यांच्या हिशेबात निघालं. असणे, करणे, जाणे, म्हणणे यांना मात्र धक्का लागलेला नाही. लहान मूल 'करला', 'मरला' म्हणतंच. भाचासुद्धा म्हणायचा, 'आजोबा येला' म्हणत अंगणभर धावायचा. पण 'आला' दिवसातून इतक्या वेळा कानांवर पडतं की वर्षभरात 'येला' आपोआप मावळतं. जे शब्द रोज कानांवर पडत नाहीत त्यांना हा आधार मिळत नाही. मराठीत मला त्याची थोडी वेगळी तऱ्हा दिसते. आपल्याकडे असे शब्द नियमित होण्याऐवजी बाजूला ठेवले जातात. माझी आजी 'मी भ्याले' म्हणायची, आम्ही 'घाबरले' म्हणतो. ती 'शालू ल्याली' म्हणायची, आम्ही 'नेसली', आणि भाच्याची पिढी 'साडी घातली'. गल्लीत गाय व्याली की वाड्यात खरवसाचा वास सुटायचा. आता गाय व्यालेली कोणी पाहत नाही, आणि मांजर व्याली तरी भाचा म्हणतो, मांजरीला पिल्लं झाली.

रचलेल्या भाषा नकली वाटतात असं सरसकट म्हणणं मात्र मला रुचत नाही. लुडविक झामेनहोफ हा डोळ्यांचा डॉक्टर. त्याचं बालपण ब्यालिस्तोक गावात गेलं, आणि तिथे रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू माणसं आपापल्या भाषेच्या भिंतीआड एकमेकांशी वैर धरून राहत होती. १८८७ मध्ये वॉर्सात त्याने स्वतः रचलेल्या एस्पेरांतो या भाषेचं पहिलं पुस्तक छापलं. सोळा नियम, अपवाद एकही नाही. क्रियापदाला 'आस' लावला की वर्तमान, 'इस' लावला की भूत, 'ओस' लावला की भविष्य, असणे असो की शिंकणे असो. कारखान्यातल्या कामगारालाही ती संध्याकाळच्या वेळात शिकता यावी, हा त्याचा हेतू होता, आणि त्या हेतूपुढे अपवाद म्हणजे गरिबाच्या वाटेत टाकलेले दगडच ठरले असते. ती भाषा कोणा जुन्या जमातीची आहे असं भासवण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता. पुढे लोकांनी तिच्यात प्रेमं केली, संसार मांडले, मुलं वाढवली, आणि मग जे व्हायचं ते तिलाही चुकलं नाही. 'मोयोसा' असा एक शब्द एस्पेरांतोत आहे, 'भारी', 'झकास' अशा अर्थाचा. आधुनिक, तरुण, ढंगदार या अर्थांच्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांचा तो गोळा आहे. झामेनहोफच्या पुस्तकात तो नव्हता. तरुण मुलांनी तो बोलून बोलून केला, आमच्या 'चाजाली'सारखाच.

भाच्याला हवं आहे ते वेगळं. त्याला अशी भाषा हवी की जी ऐकून वाटावं, या लोकांना हजार वर्षं झाली आहेत. ते काम 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनने ज्या चिकाटीने केलं त्याला मला तोड दिसत नाही. भाषा आधी, गोष्टी नंतर, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. भाषांना राहायला जग हवं म्हणून गोष्टी. त्याने आधी एक पुरातन भाषा कल्पिली, तिच्यातले ध्वनी कसे बदलत गेले त्याचे नियम ठरवले, आणि त्या नियमांतून दोन वेगळ्या लेकी वाढवल्या. त्यांतल्या सिंदारिनमध्ये एका माणसाला 'अदन' म्हणतात आणि अनेकांना 'एदाइन'. वरवर पाहिलं तर अनेकवचन लहरीने केल्यासारखं वाटतं. पण त्याच्यामागे कधीकाळी शब्दाच्या शेवटी असलेला एक 'इ' आहे. त्या इ ने आधीच्या स्वरांना आपल्याकडे ओढलं आणि मग तो स्वतः गळून पडला. ओढ उरली, ओढणारा गेला. आपल्याकडे भिंतीच्या भिंती होतात आणि विटेच्या विटा होतात, वेलीच्या वेली आणि माळेच्या माळा, तेव्हा त्यामागेही असंच कोणीतरी येऊन गेलेलं असतं. परभाषकाला ते पाठ करावं लागतं आणि आपल्याला ते दिसतही नाही.

दुसरी वाट मार्क ओक्रँडची. 'स्टार ट्रेक'च्या १९८४ च्या चित्रपटासाठी त्याने क्लिंगॉन भाषा रचली. तिच्यात ताटाला एक शब्द आणि ताटांना अगदीच दुसरा, असे काही जोड त्याने मुद्दाम ठेवले. पण मला त्याच्या कामातली वेगळीच गोष्ट लोभस वाटते. चित्रीकरणात नटांच्या तोंडून उच्चार वेगळे पडले, काही संवादांचे अर्थ मागाहून बदलावे लागले, तेव्हा चित्रपट परत तसाच चित्रित करा असं तो म्हणू शकत नव्हता. मग जे तोंडातून आलं त्यालाच व्याकरणात जागा करून देण्याचं काम त्याने केलं. कागदावरची भाषा तोंडात गेली आणि वेगळी होऊन बाहेर आली, आणि तिच्या जनकाने ते मान्य केलं. खऱ्या भाषांचं तरी याहून काय वेगळं होतं?

हे सगळं मी ज्या शहरात बसून लिहिते आहे तिथे एकाच चौकात चार भूतकाळ ऐकू येतात. भाजीवाली माळवीत 'कर्‍यो' म्हणते, तिचं गिऱ्हाईक 'मैंने किया' म्हणतं, गिऱ्हाइकाचा मुलगा 'मैंने करा' म्हणतो, आणि मी फोनवर बहिणीला 'केलं' सांगत असते. इंदुरातली आमची मराठी या सगळ्यांच्या मधोमध वाढली. 'काय करून राहिलास' आमच्या तोंडी सहज येतं. रस्त्यात कोणी भेटलं की 'भेटलं' असं न म्हणता आम्ही 'मिळालं' म्हणतो. पुण्याचे पाहुणे आले की त्यांना त्याची गंमत वाटते, आणि मला त्यात आमच्या दीडदोनशे वर्षांचा इथला मुक्काम ऐकू येतो, ते मला अभिमानाने जपावंसं वाटतं. पण त्याच घरात दुसरंही काही घडतं आहे आणि ते ऐकताना मन एका जागी राहत नाही. पळाला, उडाला, बुडाला, मिळाला एका बाजूला आणि पडला, रडला, चढला दुसऱ्या बाजूला, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. भाचा 'कबुतर उडलं' म्हणतो, 'चोर पळला' म्हणतो. नपुंसकलिंग तर डोळ्यांदेखत निसटतंय. 'ते पुस्तक' हळूहळू 'ती पुस्तक' होतं, कारण कानांत किताब आहे. शाळा इंग्रजीत, मित्र हिंदीत, मराठी वाट्याला येते ती जेवणाच्या ताटापुरती. ताटापुरते शब्द म्हणूनच त्याचे पक्के आहेत. खाल्लं, प्यायलं, दिलं, घेतलं, यांत तो कधी चुकत नाही. ताटाबाहेरची रूपं सपाट होत चालली आहेत. कोणाचा दोष आहे असं मला वाटत नाही, २००७ च्या त्या आकड्यांत हेच लिहिलेलं आहे. तरी एका संध्याकाळी त्याच्या खोलीत एका स्क्रीनवर नदीवाल्यांची भाषा खडबडीत करण्याची त्याची धडपड चालू होती, आणि त्याच वेळी फोनवर तो मित्राला आमची मराठी एकसारखी करून सांगत होता, ते ऐकून मला आत कुठेतरी दुखलं. त्याच्या या वेडाने मला त्याच्या जास्त जवळ नेलं, हेही तितकंच खरं.

पुढच्या रविवारी मी त्याला च ची भाषा सांगितली आणि 'चाजाली' सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने पिवळा रंग सगळा काढून टाकला. "पण मग कुठे भरायचा?" मी म्हटलं, आधी हे सांग की तुझी माणसं दिवसभर काय करतात. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले: होडी ढकलतात, दोर सोडतात, दोर बांधतात, येतात, जातात, हाका मारतात, मासे वाटून घेतात, पाणी किती चढलं ते बघतात. मग आम्ही कॉलनीच्या बागेत फेऱ्या मारत ही क्रियापदं मोठ्याने म्हणायला लागलो, भरभर, दमलेल्या माणसासारखी, काठावरून पलीकडे ओरडल्यासारखी. बाकावरचे आजोबा बघत होते. 'निमसेत'मधला म पहिल्याच फेरीत नाकात गेला, मग 'निंसेत'मधला ए गेला, 'निंस्त' राहिलं. दोर सोडण्याला त्याचा धातू 'थामुर' होता. 'थामुरसेत' तिसऱ्या फेरीला 'थाम्स्त' झालं आणि त्याने ते वहीत लिहिलं. विणणे, 'गालुप', आम्ही कितीही म्हटलं तरी 'गालुपसेत'च राहिलं, कारण ते आम्हाला म्हणावंसंच वाटत नव्हतं. "राहू दे," तो म्हणाला, "त्यांच्याकडे विणकर दोनच घरं आहेत."

जाणे अडलं. 'ओरसेत'चं 'ओस्त' होत होतं, पण त्याला ते पुरेना. मी जाणे-गेलाची कूळकथा सांगितल्यापासून त्याला दोन धातूंचा संसार हवा होता. त्याचं कारण मात्र त्याने स्वतः शोधलं, आणि ते मला फार आवडलं. नदीवर जाणं एक नसतं. प्रवाहाविरुद्ध वर जायचं ते 'ओर', कष्टाचं. प्रवाहाबरोबर खाली यायचं ते 'लुई'. सकाळी निघताना सगळे वरच जातात, म्हणून 'मी जातो' म्हणायला ओर. दिवसभराच्या गोष्टी सांगतात ते रात्री, खाली परतल्यावर. तेव्हा तोंडात असतं ते लुईचंच भूतकाळी रूप, 'लुस्त'. अशा शंभर-दोनशे वर्षांच्या रात्री गेल्या की ओरचा भूतकाळ कोणाला आठवणार? आता नदीवाला 'जातो' ओर म्हणतो आणि 'गेला' लुस्त म्हणतो, आणि त्यांच्या लहान मुलांच्या तोंडून चुकून 'ओरसेत' येतं. तक्त्यातलं ते पहिलं रूप त्याने पुसलं नाही, मुलांच्या तोंडी ठेवलं.

त्यावरून त्याच्या गोष्टीत एक आजी आली. आधी नव्हती. तिला सगळी जुनी रूपं येतात, इतरांनी टाकून दिलेलीही. तिच्यासाठी त्याला नमुने हवे होते, म्हणून माझी आजी काय काय म्हणायची ते त्याने मला विचारलं, आणि भ्याले, ल्याली, व्याली, न्हाली असे शब्द त्याच्या वहीत नदीवाल्यांच्या शब्दांशेजारी जाऊन बसले. "न्हाली म्हणजे?" त्याने विचारलं. अंघोळ केली, मी सांगितलं, डोक्यावरून. मग तो एका प्रसंगापाशी येऊन थांबला. नातू होडीतून उतरतो आणि आजीला सांगतो, 'बाबा ओरसेत'. आजीने त्याला सुधारायचं की नाही? मला वाटत होतं सुधारावं, तिला राहवणार नाही. त्याचं म्हणणं, आपली आजी कधी सुधारत नाही. आपण 'कबुतर उडलं' म्हटलं की ती म्हणते, "उडालं का? कुठे गेलं?" आणि पुढे बोलत राहते. तो माझ्या आईबद्दल बोलत होता. मी इतकी वर्षं तिचं हे कानाआड करत आले होते, तो मात्र नीट ऐकत आला होता. "मग तसंच लिही," मी म्हटलं. त्याने लॅपटॉप ओढला आणि टाइप करता करता विचारलं, नदीवाल्यांच्या भाषेत प्रश्न विचारताना क्रियापद पुढे येतं, तर आजी आधी 'लुस्त' म्हणेल की आधी 'बाबा'?